धावदोरा, साखळी आणि आत्याची वही



गेल्या चातुर्मासापासून मी आमच्या चऱ्होलीच्या सोसायटीत दर बुधवारी दुपारी तीन ते पाच हाताने भरायचे साधे टाके शिकवते. फी नाही. क्लबहाऊसमध्ये दोन चटया टाकायच्या, आपापली सुई, रिंग आणि जुन्या चादरीचा तुकडा आणायचा. सात-आठ जणी येतात. बहुतेकींचे नवरे चाकणला नाहीतर भोसरीला कामाला. मुलं शाळेतून यायच्या आत दोन तास मिळतात, तेवढेच.

आमच्या गेटसमोर एक बोर्ड लागला आहे, ‘आरी वर्क शिका’. तिथे फी आहे आणि गर्दीही आहे. माझ्याकडे येणारी एक मुलगी (तिला मुलगी म्हणते, पण तिला दोन मुलं आहेत) साखळी टाका घालता घालता मला म्हणाली, “काकू, तुमच्याकडे यायला छान वाटतं, पण याचे पैसे कुठं मिळतात? आरीच्या एका ब्लाऊजला हजारांत घेतात.”

मी म्हटलं, “अगं, तू आत्ता घालतेस तोच आरीचा टाका.”

तिला ते पटलं नाही. मलाही तिचं बोलणं थोडं लागलं. मी बी. कॉम. झालेली बाई, पैशाचं बोलणं मला वाईट वाटायचं कारण नाही. लागलं ते दुसऱ्याच कारणाने, त्याबद्दल पुढं सांगते. आधी टाक्यांकडे वळू.

साखळी टाका तुम्ही सगळ्यांनी शाळेत घातला असेल. सुई वर काढायची, दोऱ्याचा फास अंगठ्याने धरायचा, आलो त्याच भोकात सुई परत घालायची आणि फासातून वर काढायची. आरीमध्ये सुईच्या जागी बारीक आकडा असतो. दोरा कापडाच्या खाली धरतात, आकडा वरून खाली जातो, दोरा पकडून फास वर आणतो, आणि पुढचा फास त्या फासातून काढतो. वरून पाहिलं तर दोन्ही साखळ्या सारख्याच. फरक वेगाचा. सुईने एक वेल होईपर्यंत आरीवाली चार करते.

ही आरी मुळात चामडं टोचायचं हत्यार. कच्छ-गुजरातेतले मोची तिने जोडे आणि खोगिरं शिवत, त्यातूनच ते रेशमी कापडावर भरत करू लागले. राजघराण्यांसाठी आणि परदेशी व्यापाऱ्यांसाठी त्यांनी भरलेले कापड समुद्रापार गेलं. अठराव्या शतकात युरोपात आकड्याचं भरतकाम आलं, ते आपल्याकडून गेलं असं मानतात. तिकडे ढोलासारख्या गोल चौकटीवर कापड ताणून ते करत. फ्रेंच भाषेत ढोलाला तांबूर म्हणतात, म्हणून त्या कामालाही तेच नाव पडलं. आपण हातात धरतो ती रिंग त्याच कुळातली.

पुढची गंमत मला फार आवडते. फ्रान्समध्ये बार्थेलेमी थिमोनिए नावाचा एक गरीब शिंपी होता. आकड्याने भरणाऱ्या बायकांचे हात पाहून त्याच्या डोक्यात यंत्र आलं. १८३० साली त्याने पेटंट घेतलं. त्याचं यंत्र साखळी टाकाच घालायचं. पॅरिसमध्ये त्याच्या यंत्रांवर सैनिकांचे कपडे शिवायला लागले, तेव्हा पोट जाईल या भीतीने शिंप्यांनी कारखान्यात घुसून यंत्रं फोडली. खालून वरून दोन दोरे गुंफणारी टीप अमेरिकेत पुढे आली, १८४६ साली हौने ती पेटंट केली आणि १८५१ साली सिंगरने आपल्या यंत्राचं पेटंट घेतलं. आज चाकणच्या पट्ट्यात मोटारींच्या सीटांना जी टीप मारतात तीही दोन दोऱ्यांचीच. साखळी टाका शेवटच्या टोकाकडून ओढला की सरसर उसवत येतो हे तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणून तर मी पहिल्याच दिवशी शेवटच्या कडीला बारीक आडवा टाका घालायला शिकवते. तो विसरली की वेल गेलीच.

तर, साधा टाका म्हणून ज्याला आपण नाक मुरडतो त्याचा प्रवास हा असा.

माझं माहेर निपाणीजवळचं. घरात मराठी, शेजारी कानडी, बाजारात दोन्ही. आज्जी इरकल नेसायची, आणि तिच्या लग्नातल्या काळ्या चंद्रकळेच्या पदरावर कशिदा होता. धारवाड-बेळगाव भागात त्याला कसुती म्हणतात. कानडीत कै म्हणजे हात, आणि सुती. हाताचं सूत. त्या भागात नवरीच्या साड्यांत कसुती भरलेली काळी चंद्रकळा असायचीच.

कसुतीत टाके मोजून चारच. गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी. गवंती म्हणजे आपला धावदोराच, पण दोनदा. एकदा पुढे जायचं, मधल्या जागा रिकाम्या ठेवायच्या, आणि परत येताना त्या रिकाम्या जागा भरायच्या. रेघ दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. मुरगी हीच रीत, फक्त पायऱ्या पायऱ्यांनी. नेगी म्हणजे विणल्यासारखे लांब-आखूड धावदोरे, झुल्याची किंवा हत्तीची मोठी आकृती त्यात येते, आणि तो मात्र मागून वेगळा दिसतो. मेंथी म्हणजे मेथी, आपली फुली. याला खाका नाही, पेन्सिल नाही. कापडाचे धागे मोजायचे आणि टाकायचे. तीन धागे घेतले तर शेवटपर्यंत तीनच. रथ, पालखी, गोपूर, तुळशीवृंदावन सगळं मोजणीवर उभं राहतं. आणि गाठ मारायची नाही. दोऱ्याचं टोक मागच्या टाक्यांतच लपवायचं.

हाच दुहेरी धावदोरा युरोपातही होता. तिकडे त्याला होल्बाइन टाका म्हणतात, कारण सोळाव्या शतकातल्या होल्बाइन नावाच्या चित्रकाराने काढलेल्या माणसांच्या कफांवर तो दिसतो. टाका घालणाऱ्या बायकांचं नाव त्याला मिळालं नाही, कपडे रंगवणाऱ्याचं मिळालं. असो.

आज्जीला लिहिता येत नव्हतं. पण दोनशे धाग्यांच्या पदरात अकरा गोपुरं सारख्या अंतरावर बसवायची तर भागाकार लागतो, आणि तो ती तोंडीच करायची. हे तिला कुणी शिकवलं? तिच्या आईने, तिच्या मावशीने. घरातच, सोप्यावर बसून. त्याचे पैसे घ्यायचे असतात हे तिच्या डोक्यातही आलं नसेल. ते लेकीचं, सुनेचं काम.

टाके घराबाहेर पडून शाळेत गेले ते एकोणिसाव्या शतकात. अमेरिकन मराठी मिशनची सिंथिया फरार ही बाई १८२७ च्या अखेरीस मुंबईत उतरली. मुलींच्या शाळांत वाचन, लेखन, अंकगणित आणि त्याबरोबर शिवणकाम असा त्यांचा क्रम. पुढे ती अहमदनगरला गेली आणि १८६२ साली तिथेच वारली. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं ते तिच्याच संस्थेत, असं सांगतात. मिशनच्या शाळांत शिवणाचा तास असण्यामागे त्यांचा स्वतःचा हेतू होता. आपली भाकरी कमावणारी, नीटनेटकी, देवभीरू मुलगी तयार व्हावी. पण आणखी एक कारण मला दिसतं. मुलीच्या हातात पाटी दिली की घरचे बिथरत, सुई दिली की कमी बिथरत.

हे सुईचं पारडं मात्र दोन्ही बाजूंना झुकायचं. पुण्यात १८८४ साली मुलींचं हायस्कूल निघालं, ज्याला आपण हुजूरपागा म्हणतो. तिथे मुलींना इंग्रजी, गणित असं मुलांसारखं शिकवतात म्हणून गदारोळ झाला. टिळकांच्या ‘मराठा’ पत्राने त्या अभ्यासक्रमावर टीका केली. मुलींना संसाराला उपयोगी पडेल तेवढंच शिकवावं असा त्या मंडळींचा सूर होता. अशा यादीत शिवण-टिपण नेहमी वर असतं. म्हणजे एकाच टाक्याला दोन धनी. एकाच्या मते तो शिकला की मुलीला शाळेचं दार उघडतं, दुसऱ्याच्या मते तो शिकला की पुढचं काही शिकायला नको. त्याच दशकात पंडिता रमाबाईंनी हंटर आयोगापुढे साक्ष देताना मागितलं ते निराळंच होतं, स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर. मला टिळकांबद्दल आदर आहे, पण या बाबतीत मी रमाबाईंच्या चटईवर बसेन.

मग विधवांचा प्रश्न आला. रमाबाईंचं शारदा सदन १८८९ साली मुंबईत सुरू झालं आणि पुढच्या वर्षी पुण्यात आलं. अण्णासाहेब कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६ चा. १९०९ साली रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं, देवधर त्यांच्या जोडीला होते. या दुसऱ्या रमाबाईंची गोष्ट आपल्याला जवळची वाटावी अशी आहे. अकराव्या वर्षी लग्न झालं तेव्हा अक्षरओळख नव्हती. न्यायमूर्तींनी शिकवायला घेतलं तर घरातल्या मोठ्या बायकांनी छळ मांडला. ते सगळं त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. म्हणून त्यांना बायकांची दुपार कळत होती असं मला वाटतं. सेवासदनात शिवण-भरतकाम होतं, लिहिणं-वाचणं होतं, पुढं शिक्षिका आणि परिचारिका घडवण्याचं काम उभं राहिलं. “शिवण शिकायला जाते” असं सांगून घराबाहेर पडता येत होतं. एकदा बाहेर पडलं की बाकीचं शिकणं शेजारच्याच खोलीत होतं.

आपल्या समाजातही हे वारं आलं. मुंबईचे शेठ माणिकचंद हिराचंद झवेरी यांची लेक मगनबाई. तरुणपणीच वैधव्य आलं. वडिलांनी तिला कोपऱ्यात बसवलं नाही, शिकवलं. तिने विधवा आणि गरजू श्राविकांसाठी श्राविकाश्रम काढला, जैन महिला परिषदेचं काम केलं. गावोगाव हिंडून ती बायकांना शिका म्हणून सांगत असे. आमच्या दक्षिणेकडे १८९९ साली स्तवनिधीला दक्षिण भारत जैन सभा स्थापन झाली. स्तवनिधी आमच्या गावापासून बैलगाडीच्या अंतरावर. सभेने आधी मुलांची बोर्डिंगं काढली, मग मुलींचाही विचार झाला. सांगलीच्या जैन महिलाश्रमाला कळंत्रेआक्कांचं नाव आहे. सोलापूरला सुमतीबाई शहांनी श्राविका संस्थेचं एवढं मोठं काम उभं केलं. या संस्थांत धर्माचे पाठ, अक्षरं आणि शिवणकाम हातात हात घालून असायचं.

आता माझ्या आत्याकडे येते.

मोठी आत्या म्हणजे माझ्या वडिलांची, आण्णांची, थोरली बहीण. चौदाव्या वर्षी लग्न, पंधराव्या वर्षी कपाळ पांढरं. १९४० च्या आसपासची गोष्ट. आजोबांनी कुणाचंतरी ऐकून तिला आश्रमात ठेवलं. दोन-अडीच वर्षं राहिली. मग आज्जी आजारी पडली म्हणून तिला घरी आणलं ते कायमचंच. परत पाठवलंच नाही. घरात कुणी विषय काढला की “शिवण शिकली की तेवढी” एवढंच ऐकायला मिळायचं.

तिची पत्र्याची पेटी तिच्या मागे माझ्याकडे आली. त्या बुधवारी रात्री मी ती परत उघडली. त्यात वर आहे ते टाक्यांचं फडकं. हातभर मांजरपाट, त्यावर ओळीने बारा टाके. धावदोरा, उलटी टीप, देठाचा टाका, साखळी, सुटी साखळी, काज्याचा टाका, गाठीचा टाका, भरीव टाका, आणि असे पुढे. प्रत्येक ओळ वेगळ्या रंगात. एका ओळीत हेरिंगबोन आहे. त्याला शिकवणाऱ्या बाई मच्छीकाटा म्हणत. आत्याला तो शब्द तोंडात घ्यायचा नसायचा, म्हणून ती त्याला ‘कैचीचा टाका’ म्हणायची. मीही बुधवारच्या वर्गात कैचीच म्हणते, आणि परवा एकीने बाहेर दुकानात जाऊन कैचीच्या टाक्याचं पुस्तक मागितलं!

फडक्याच्या खालच्या भागात फुल्यांनी अक्षरं भरली आहेत. अ, आ, इ, ई अशी. सुरुवातीची ‘अ’ तीनदा आहे, पहिली दोनदा वाकडी. ‘ऋ’पाशी कापड संपलं. मी लहानपणी ते फडकं शंभरदा पाहिलं होतं, पण अक्षरं म्हणजे नक्षीच समजत होते. आता कळतं की ती भरत होती त्याच महिन्यात अक्षर शिकत होती. दोन्ही गोष्टी धागे मोजूनच.

आश्रमातून आली ती सही करणारी बाई म्हणून. आमच्या घरात आज्जीचा अंगठा, आईची कशीबशी सही, आणि आत्या मात्र पोस्टकार्ड लिहायची. गल्लीतल्या बायकांची पत्रंही तीच.

ती मला शिकवायची तेव्हा पहिला महिना फक्त धावदोरा. मी रडकुंडीला यायचे. म्हणायची, टाका तांदळाच्या कणीएवढा, आणि दोन टाक्यांतली जागाही तेवढीच. गोधडी काय, कसुती काय, सगळ्यांचं मूळ हेच. देठाच्या टाक्याला दोरा नेहमी सुईच्या एकाच बाजूला राहिला पाहिजे, मध्येच बाजू बदलली की दोरखंड पिळल्यासारखी ओळ तुटते. भरीव टाक्याच्या आधी कडेने उलटी टीप घालून घ्यायची, मग पान फुगीर आणि कड धारदार येते. दोरा कोपरापर्यंतच घ्यायचा, लांब घेतला की गुंता. सहा पदरी लडीतले दोन पदर सोडवायचे, सहाच्या सहा कधीच नाही. खाक्यासाठी बटर पेपरवर टाचणीने भोकं पाडायची, रॉकेलमध्ये नीळ कालवून बोळ्याने वरून पुसायचं. त्या रॉकेलचा वास म्हणजे माझी उन्हाळ्याची सुट्टी. आता मी कार्बन पेपर वापरते, रॉकेल मिळतंय कुठं!

एक गोष्ट इथे सांगून टाकते, कारण तुमच्यापैकी अनेकींना तो प्रश्न पडतो. ‘रेशीम काम’, ‘रेशमी लडी’ असं आपण म्हणतो, आणि किड्यांच्या हिंसेमुळे रेशीम न वापरणाऱ्या बायका या दोऱ्यांनाही हात लावत नाहीत. अँकरची साधी सहा पदरी लडी रेशमाची नसते, कापसाची असते. तिची चमक कॉस्टिक सोड्याची. जॉन मर्सर नावाच्या इंग्रज माणसाने १८४४ च्या सुमारास सुतावर त्याचे प्रयोग केले, आणि पुढे १८९० च्या सुमारास होरेस लोने सूत ताणून धरून ती प्रक्रिया केली तेव्हा त्याला रेशमासारखी झळाळी आली. मर्सराइज्ड कॉटन म्हणतात ते हे. त्याआधी चमकतं भरत हवं तर रेशीमच लागायचं, म्हणजे श्रीमंताघरचंच काम. कापसाचा दोरा चमकायला लागला आणि फ्रान्सच्या डीएमसीसारख्या कंपन्यांनी शेकडो छटा काढल्या तसं भरतकाम मध्यमवर्गी घरात शिरलं. तेरेझ द दिलमाँ या बाईने १८८६ साली स्त्रियांच्या हस्तकामाचा मोठा ज्ञानकोश लिहिला. तो अनेक भाषांत गेला आणि जगभरच्या शिवणवर्गांनी त्यातून उचललं. आपल्या आत्या-मावश्यांच्या फडक्यावर फ्रेंच गाठ आणि लेझी डेझी आली ती अशा पुस्तकांच्या वाटेने. आत्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिने दुकानदाराला लडी जाळून दाखवायला लावली होती. कागदासारखा वास आला, राख भुरभुरली, तेव्हा घेतली. केसासारखा वास आला तर रेशीम. ही परीक्षा तुम्हीही घरी करू शकता, फक्त ताटलीत करा.

पेटीत फडक्याखाली वही आहे. लाल पुठ्ठ्याची, आडवी, जुनी किराणा दुकानात असते तशी. आत्या गावातल्या लग्नघरांसाठी उशांचे अभ्रे, टेबलक्लॉथ, बाळंतविडे भरून द्यायची. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, पण ‘आत्याचा वेळ जातो’ असंच सगळे म्हणायचे. वही मी २००९ साली, ती गेल्यावर, पहिल्यांदा वाचली. कॉमर्सवाली असल्याने वही दिसली की मी आधी रकाने बघते. तारीख, घराचं नाव, वस्तू, दोरा किती आण्यांचा, पुढे पैशांचा, आणि आलेले पैसे. मजुरीचा रकाना नाही.

मी तो मांडून पाहिला. अभ्र्यांच्या एका जोडाला नऊ रुपये. दोरा-कापड सव्वादोन. उरले पावणेसात. एक जोड भरायला तिला अकरा दुपारी लागायच्या, ते वहीतल्या तारखांवरून कळतं. दुपारचे तीन तास धरले तर तेहतीस तास. तासाला वीस पैसे.

आणि मग जून १९७८ चं पान. “कॉलेज, पहिली टर्म, १६०.” घराच्या नावाच्या जागी माझं नाव.

मला घरात सांगितलं होतं की त्या वर्षी शेंगा चांगल्या झाल्या म्हणून कॉलेज झालं. आण्णा आलागेलाला सांगायचे, शेंगांच्या पैशावर पोरगी शिकवली. एकशेसाठ रुपये म्हणजे चोवीस जोड. जवळजवळ आठशे तास. पुढच्या टर्मही तिथेच आहेत, शेवटच्या वर्षापर्यंत. आण्णांनी खोटं का सांगितलं असेल याचा मी पुष्कळ विचार केला. विधवा बहिणीच्या सुईवर मुलगी शिकते हे चारचौघांत सांगायची लाज वाटली असेल. कदाचित आत्यानेच सांगू नका म्हटलं असेल. दोघंही नाहीत, विचारणार कुणाला? मला मात्र राहून राहून वाटतं ते माझ्याबद्दलच. तीन वर्षं मी ताळेबंद शिकले, आणि माझ्याच घरात दोन हात अंतरावर बसलेल्या बाईचं काम मला खर्चात दिसलं नाही की जमेत. ती दारात बसून भरायची, मी तिच्या शेजारी बसून अकाउंट्सचा अभ्यास करायचे.

म्हणून त्या दिवशी “याचे पैसे कुठं मिळतात” हे मला लागलं. ती मुलगी बरोबरच बोलत होती. मीच फुकट शिकवून, ‘छंद हो, वेळ जातो’ असं म्हणून, आण्णांचीच री ओढत होते.

फी मी अजूनही घेत नाही, ते माझ्या मनाचं आहे. पण वर्गात आता शेवटची पंधरा मिनिटं वहीची. प्रत्येकीने एक वही केली आहे, आणि तिच्यात तासांचा रकाना पहिला. पहिल्या आठवड्यात सगळ्या हसल्या. एकीने रुमालाला सात तास लिहिले आणि दचकून माझ्याकडे पाहिलं. हाताने भरलेल्या कामाला दर सांगायचा कसा, दोरा, कापड, रिंगचा घसारा (हो, घसारा, शिकले आहे तर वापरते), तास, आणि मग वर थोडं. कुणी “एवढे कशाला, घरीच तर बसून करतेस” म्हणालं तर काय उत्तर द्यायचं त्याचीही आम्ही तालीम केली. आरीच्या वर्गाला जाणाऱ्या मुलीला मी जाऊ नकोस म्हटलं नाही. उलट म्हटलं, जा, वेग तिकडे शिक. तिने मला तिथला आकडा आणून दाखवला. माझा हात थरथरतो, पहिल्याच फासात दोरा तुटला. ती हसली नाही, नीट धरायला शिकवलं.

मागच्या पंधरवड्यात तिला वाघेश्वर मंदिराच्या बाजूच्या एका घरातून बाळंतविड्याचं काम मिळालं. दुपटं, झबली, टोपडं. आरी नाही, हाताचंच हवं होतं, बाळाच्या अंगाला मागून टोचू नये म्हणून. तिने दर सांगितला, समोरच्या बाईंनी निम्मा केला, तिने वही उघडून तास दाखवले. शेवटी पाऊणावर ठरलं. मला वाटतं आणखी ताणायला हवं होतं, पण पहिलीच वेळ.

तुमच्या घरी आज्जीचं, आत्याचं, सासूबाईंचं टाक्यांचं फडकं असेल तर ते पोछ्याला घेऊ नका. त्यावर वर्ष, गाव आणि कुठे शिकल्या हे एका चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा. चिठ्ठी टाचणीने लावू नका, गंज धरतो, दोन टाके घाला.

येत्या बुधवारी देठाचा टाका आणि भरीव पान घेणार आहे. ज्यांच्या रिंगमध्ये कापड सैल पडतं त्यांनी आतल्या कडीला जुन्या सुती साडीची बोटभर पट्टी गुंडाळून, शेवट टाक्याने पक्का करून आणावी. आणि सातव्या मजल्यावरच्या वहिनींनी माझी छोटी कात्री नेली आहे, ती तेवढी घेऊन यावी.